आईचं वर्षश्राद्ध आणि त्यापुढची वर्षं

डिचोली तालुक्यात माहेर आणि मडगावात सासर असलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. येत्या कार्तिकात त्यांच्या आईला जाऊन वर्ष पुरं होईल. वडील त्याआधीच गेलेले. एकुलता एक भाऊ दुबईला, आणि दर वर्षी नेमक्या त्याच दिवसांत त्याला रजा मिळेल याची खात्री नाही. गावचं घर बंद. त्या विचारतात: मी मुलगी, मी श्राद्ध घालू शकते का? भटजींना बोलावून पानं वाढली की आईची आठवण ठेवली असं म्हणायचं का? माझा मुलगा बारावीत आहे, पण धाकटी सहा वर्षांची आहे, आजी तिच्या मनातून पुसट होत चालली आहे, त्याला काय करू? आणि आईचे फोटो, साड्या, मोबाइल यांचं काय करायचं?

ताई, फोंड्याच्या बाजूला माझ्या वडिलांनी पौरोहित्य केलं आणि त्यांच्यामागून मी करत आलो. श्राद्धपक्षासाठी ज्या घरांत जातो त्यांतल्या काहींची तिसरी पिढी आता माझ्यासमोर पाटावर बसते. कुठल्या घरात गेलेलं माणूस बोलण्यात राहतं आणि कुठल्या घरात त्याचा नुसता भिंतीवरचा फोटो उरतो, हे मला तिथं दिसत आलं आहे. शास्त्र सांगतोच, पण जास्त सांगेन ते या पाहण्यातून.

आधी मुलीचं. घाला, निःशंक मनाने घाला. मुलगा नसेल किंवा करू शकत नसेल तर पत्नी, मुलगी, मुलीचा मुलगा, भाऊ, पुतण्या अशी अधिकाऱ्यांची रांग धर्मशास्त्राने दिलेली आहे. कोण आधी आणि कोण नंतर यावर ग्रंथाग्रंथांत मतभेद आहेत, पण मुलगी त्या रांगेबाहेर नाही. शिवाय श्राद्धात तीन गोष्टी पवित्र सांगितल्या आहेत: दौहित्र, कुतप काळ आणि तीळ. कुतप म्हणजे मध्यान्हीच्या सुमाराचा, दिवसाचा आठवा मुहूर्त. आणि दौहित्र म्हणजे मुलीचा मुलगा, तुमचा बारावीतला मुलगा. त्याला त्या दिवशी कॉलेजला पाठवू नका, शेजारी बसवा. तुमच्या गावच्या भटजींना मुलीने बसणं मान्य नसेल तर वाद घालत बसू नये; मान्य असणारे पुरोहित आज गोव्यात मिळतात. संकल्पात गोत्र मात्र आईचं, म्हणजे तुमच्या वडिलांचं घ्यायचं. लग्नानंतरचं तुमचं नव्हे.

भाऊ दुबईत असला तरी त्या दिवसापासून त्याला तोडू नका. आंघोळ करून, दक्षिणेकडे तोंड करून, तीळ घातलेल्या पाण्याने आईच्या नावाचं तर्पण तो तिथल्या खोलीत करू शकतो. पूर्ण श्राद्ध जमत नसेल तेव्हासाठी शिधा देऊन करायचं आमश्राद्ध आहे, दक्षिणा देऊन करायचं हिरण्यश्राद्ध आहे, पिंडाशिवायचं सांकल्पिक श्राद्ध आहे. तेही होत नसेल तर गाईला चारा घालावा असं सांगितलं आहे. आणि विष्णुपुराणात तर याहून पुढची पायरी आहे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने रानात जाऊन दोन्ही हात वर करावेत आणि म्हणावं: माझ्याजवळ वित्त नाही, धान्य नाही, श्राद्धाला लागणारं काही नाही, मी पितरांना नमस्कार करतो, माझ्या भक्तीने त्यांची तृप्ती होवो. हे मी प्रत्येक यजमानाला सांगतो. खर्च पेलत नाही म्हणून श्राद्धच सोडून दिलेली माणसं भेटतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण इतकी सूट त्यांना कोणी सांगितलेलीच नसते.

आता तुमचा खरा प्रश्न. पानं वाढली की झालं का?

श्राद्धाच्या विधीत तांदूळ, तीळ, दर्भ या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे नावं. आईच्या श्राद्धात आई, आजी आणि पणजी अशा तिघींचा उच्चार होतो. ही आजी आणि पणजी वडिलांच्या बाजूची, म्हणजे तुमच्या आईची सासू आणि आजेसासू. वडिलांच्या श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा. पहिली पिढी वसुरूप, दुसरी रुद्ररूप, तिसरी आदित्यरूप. वर्षश्राद्ध झाल्यावर पुढे पितृपक्षात जो म्हाळ घालाल त्यात तर यादी फारच लांब आहे. आईकडचे तीन पुरुष, त्यांच्या बायका, काका, मामा, भाऊ, आत्या, मावश्या, सासू-सासरे. त्याही पुढे गुरू येतो, शिष्य येतो, मित्र येतो. ज्यांना मागे कोणी नाही त्यांच्यासाठीही पाणी सोडायचं असतं. भीष्माला मूल नव्हतं, त्याच्यासाठी माघ शुद्ध अष्टमीला सगळ्यांनी तर्पण करावं अशी चाल आहे.

इथं घरं अडखळतात. मी विचारतो, पणजीचं नाव? यजमान बायकोकडे बघतो, बायको सासूकडे. मग कोणीतरी म्हापशाच्या आत्याला फोन लावतं. पणजोबांचं नाव निघतं, कारण ते जमिनीच्या उताऱ्यावर नाहीतर देवस्थानच्या महाजनांच्या वहीत असतं. पणजीचं निघत नाही. लग्नात नाव बदललं, सासरी सगळ्यांनी काकी किंवा वहिनी म्हटलं, मुलांनी आई म्हटलं. चाळीस वर्षं ज्या बाईने त्या घराची चूल पेटवली तिचं नाव तिच्या पणतवंडांना माहीत नाही. विधीत त्यालाही सोय आहे, नाव ठाऊक नसेल तर ठरलेला शब्द वापरून पुढे जाता येतं. मी जातोही. पण दर वेळी मनाला लागतं.

म्हणून ताई, वर्षश्राद्धाची तयारी म्हणून मी पहिलं काम सांगतो ते हे. एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या. त्यात आईचं लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, तिचं माहेरचं गाव आणि वाडा, आई-वडील, भावंडं, कुलदेवता, गोत्र, जन्म आणि मृत्यूची तिथी लिहा. मग तिच्या आईचं तसंच, आणि सासूचंही. तीन पिढ्यांपर्यंत जा. माहिती अडली तर गोव्यात एक वाट आहे जी बाहेरच्या लोकांना मिळत नाही. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत बाळाच्या आई-वडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही नावं लिहीत. हे जुने दाखले आजकाल लोक पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी काढतात. तुमच्या आजीचा जन्मदाखला तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयातून काढलात तर तिच्या आजीचं नाव त्यावर मिळू शकतं. त्याहून जुनं काही शोधायचं तर पणजी शहरातलं पुराभिलेख खातं आहे. ते १५९५ साली सुरू झालेलं दफ्तर आहे आणि तिथली माणसं सामान्य माणसालाही मदत करतात.

कुलदेवतेचं लिहा असं मी म्हटलं, त्यालाही कारण आहे. आमच्या अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, जी मोठी देवस्थानं आहेत त्यांतली कित्येक मूळची इथली नाहीत. मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, १५६० च्या सुमारास प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. देव पाठीवर घेऊन रातोरात खाडी ओलांडणाऱ्या त्या माणसांची नावं गेली, पण साडेचारशे वर्षांनंतरही त्यांचे वंशज आपलं मूळ गाव बरोबर सांगतात, कारण देवाच्या नावाबरोबर ते सांगितलं जात राहिलं. गोव्यातल्या काही गावांत आजोबा नावाचं देवस्थानच आहे. कुठल्याशा विसरलेल्या मूळपुरुषाला अख्खा गाव अजून आजोबा म्हणून हाक मारतो.

आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही मी हेच बघतो. २ नोव्हेंबरला ते दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात. सातव्या दिवसाचं, महिन्याचं, वर्षाचं मीस, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, म्हणतात आणि त्यात गेलेल्याचं नाव पाद्री सगळ्यांसमोर उच्चारतो. नाव मोठ्याने, चारचौघांत आणि ठरलेल्या दिवशी घ्यायचं. दोन्हीकडे गाभा हाच आहे.

आता तो दिवस. पिंडदान झालं, कावळ्याचं पान ठेवलं, जेवणं झाली की माणसं हात धुऊन गाडीला किल्ली लावतात. ताई, तुमच्या घरी असं होऊ देऊ नका. जेवणानंतर अर्धा तास सगळ्यांना थांबवा, चटई घाला, आणि आईबद्दल बोलायला लावा. पहिली पाच मिनिटं अवघडलेपण असतं. त्यावर उपाय म्हणजे प्रश्न नेमका विचारायचा. आई कशी होती असं विचारलंत तर प्रेमळ होती, कष्टाळू होती अशी उत्तरं येतील, आणि ती कोणाच्याही आईला लागू पडतात. त्यापेक्षा मावशीला विचारा, ती चिडली की काय म्हणायची? शेजारणीला विचारा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुम्ही दोघी जायचा तेव्हा ती नुसतं बघण्यात वेळ घालवायची की घासाघीस करायची? मामाला विचारा, लहानपणी ती कशाला भ्यायची? दुकानदार, बालवाडीच्या बाई, तिच्याबरोबर फुगडी घालणाऱ्या बायका, भजनातल्या बायका, यांना मुद्दाम बोलवा. मुलांना आजीचं जे रूप माहीत असतं ते शेवटच्या आजारातलं. शेजारीण त्यांना तिचं तिशीतलं रूप दाखवते.

तुमच्या धाकटीसाठी तर हाच उपाय. सहा वर्षांच्या मुलाची स्वतःची आठवण पुसट होणारच, ते थांबवता येत नाही, आणि त्याचं तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण सांगितलेली गोष्ट मुलं धरून ठेवतात आणि वर्षावर्षाला तीच पुन्हा मागतात. तिला श्राद्धापासून लांब ठेवू नका. तीळ वेचायला द्या, केळीची पानं पुसायला द्या, कावळ्याचं पान घेऊन तुमच्याबरोबर अंगणात येऊ द्या. ती विचारेल, आजी कावळा झाली का? जे तुमच्या मनाला पटतं ते साध्या शब्दांत सांगा. फक्त आजी झोपली आहे किंवा गावाला गेली आहे असं सांगू नका. लहान मूल ते खरं धरतं आणि वाट बघत राहतं, नाहीतर झोपायला घाबरतं.

स्वयंपाकाचंही सांगतो. श्राद्धाचा स्वयंपाक ठरलेला असतो: खीर, वडे, अळू, भाज्या, आपल्याकडे तिरफळं घालून खतखतं. तो तसाच करा. पण आईच्या हातचं जे खास होतं ते यजमानीणबाईंनी त्यात घालावं असं मी सुचवतो. तिचं खतखतं कुठल्या भाज्यांचं, तिरफळं ती किती ठेचायची, हे वहीत लिहून ठेवा. तिच्या सुनेला आणि तुमच्या मुलाला ते शिकवा, मुलगा आहे म्हणून वगळू नका. तुमच्याकडे मासळी खात असतील आणि आईचं हुमण नावाजलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी ते करा, सगळ्यांनी मिळून जेवा आणि तिची आठवण काढा. श्राद्धाच्या पानावर ते चालत नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला कुठलंही शास्त्र आड येत नाही.

बोलणी चालली असताना कोणाचा तरी मोबाइल मधे ठेवून रेकॉर्डिंग लावा. हे मी अलीकडे प्रत्येक घरात आग्रहाने सांगतो. फोटो सगळ्यांकडे ढिगाने असतात आणि आवाज कोणाकडे नसतो. आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर. त्यांनी आपल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण फार मोजकं होऊ दिलं. त्यातलं एक १९७७ साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत गेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्या वारल्या. त्यांना ऐकलेली माणसं आता फारशी उरली नाहीत, आणि जे आपल्यापर्यंत पोचतं ते त्या थोड्या मुद्रणांमुळे. तुमच्या आईचा आवाज तुम्हाला तितकाच मोलाचा आहे, आणि तो बहुतेक तुमच्या मोबाइलमध्ये पडून आहे.

तेव्हा मोबाइलचं काम श्राद्धाआधी, याच आठवड्यात करा. आईने तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले आवाजी निरोप तुमच्या फोनमध्ये असतील. ते चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करून कॉम्प्युटरवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा. भावाला, मावशीला, भाचरांनाही तसंच करायला सांगा. आईचं स्वतःचं खातं कदाचित गेलेलं असेल, कारण १२० दिवस वापर नसला तर व्हॉट्सअ‍ॅप ते सहसा काढून टाकतं. तिचा नंबर रिचार्जअभावी बंद पडला असेल तर ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. त्या नंबरवर अनोळखी माणसाचा फोटो दिसला तर घाबरू नका, मनाला लावून घेऊ नका. तिचा हँडसेट विकू नका, दुरुस्तीलाही देऊ नका. आधी त्यातले फोटो आणि निरोप बाहेर काढून घ्या. गूगलचं खातं दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर गूगल ते पुसू शकतं, तेव्हा तिचे फोटो तिथं असतील तर तीही मुदत लक्षात ठेवा.

कागदी फोटोंना आपल्याकडे वेगळाच शत्रू आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात बंद घर. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेबरोबर निघून येतो. तो काचेसकट स्कॅन करून घ्या. स्कॅन ६०० डीपीआयवर करायला सांगा, म्हणजे लहान फोटोही मोठा करता येतो. फ्रेम पुन्हा करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला. पश्चिमेच्या ओल्या भिंतीवर मूळ फोटो लावू नका, तिथं त्याची प्रत लावा. लॅमिनेशन करू नका. बंद घरातले अल्बम पहिल्यांदा मडगावला आणा, वाळवी वाट बघत नाही. आणि फोटोत कोण आहे ते पाकिटावर लिहा, डावीकडून उजवीकडे. मावशी असेपर्यंतच ते लिहून होईल.

साड्यांबद्दल घरोघरी भांडणं झालेली मी पाहिली आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. चार-पाच चांगल्या साड्या ठेवा, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, वर्षातून दोनदा घडी बदला, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. बाकीच्या वाटा. आईची नऊवारी नेसून कोणी लग्नात फिरली तर तिची आठवण शंभर माणसांत निघते. जुन्या सुती साड्यांची गोधडी करून घ्या, ती धाकटीला द्या.

वर्तमानपत्रातलं पुण्यस्मरण. गोव्यात मराठी पेपर उघडला की मधल्या पानावर फोटो असतातच, आणि मला ती चाल आवडते. गावोगावच्या लोकांना कळतं आणि फोन येतात. पहिल्या वर्षी द्या. पण छापील ओळी वापरू नका. आईचं माहेरचं नाव आणि गाव घाला, ती काय करायची ते एका वाक्यात लिहा. पन्नास वर्षांनी तुमच्या पणतीने ते कात्रण पाहिलं तर तिला काहीतरी कळायला हवं. दुसऱ्या वर्षापासून तेच पैसे एखाद्या कामाला लावावेत असं माझं मत आहे. काम लहान निवडा. मोठी घोषणा करून सुरू झालेल्या स्मृतिस्पर्धा तीन वर्षांत बंद पडताना बघतो, आणि गावच्या शाळेत दर जूनला एका मुलीला वह्या-पुस्तकं देणारं घर ते काम पिढीजात करत राहतं. देवस्थानात कायम ठेव ठेवून तिथीला तिच्या नावाने अभिषेक होऊ शकतो. आईला वाचनाची आवड असेल तर गावच्या वाचनालयाला दर वर्षी पाच पुस्तकं, पहिल्या पानावर तिचं नाव लिहून. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ ला गेले; त्यांच्या कुटुंबाने ती तारीख धरून ठेवली आणि अजून दर वर्षी त्या दिवशी त्यांचं स्मरण होतं. तारीख ठरलेली असली की काम टिकतं, हे तिथं दिसतं.

अस्थींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणी घरात कलशातल्या थोड्या अस्थी मागे ठेवल्या असतील तर आता त्यांचं विसर्जन करून टाका. तुमच्या माहेराहून हरवळ्याचं रुद्रेश्वराचं ठिकाण जवळ आहे, साखळीच्या बाजूला, धबधब्याच्या समोर. अंत्यविधीनंतरच्या क्रियांसाठी डिचोली-सत्तरीचे लोक तिथंच जात आले आहेत. गोकर्णाला जायला हवंच असं नाही.

बंद घराचा आणि हिश्श्यांचा विषय श्राद्धाच्या दिवशी काढू नका. भाऊ आला आहे, सगळे जमले आहेत, उरकून टाकू, असं वाटतं खरं. आपल्याकडचा वारसा कायदा पोर्तुगीज संहितेतून आलेला आहे, २०१२ च्या गोवा वारसा कायद्यातही मुलगा-मुलगी समान वारस आहेत, आणि इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारसांतल्या वाटणीचं, काम कोर्टात वेळ घेतंच. ते वकिलाकडे वेगळ्या दिवशी बसून करा. श्राद्धाच्या दिवशी पंक्तीत भांडण झालं की पुढच्या वर्षीपासून अर्धं घर येत नाही आणि मग आईबद्दल बोलायला माणसंच उरत नाहीत. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की हात जोडून सांगतो.

एक गोष्ट मात्र वहीने आणि श्राद्धाने भागत नाही. वर्ष झालं तरी रोजचं काम होत नाही, जेवण जात नाही, झोप नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं तुमचं किंवा घरातल्या कोणाचं होत असेल तर ते दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो आणि फोन मोफत आहे. मी पुरोहित आहे, आणि अशा यजमानांना मी स्वतः तिकडे पाठवतो. श्राद्ध घातल्याने दुःख जातं असं शास्त्रानेही म्हटलेलं नाही. रडू येणं, आईच्या वासाची साडी छातीशी धरणं, तिला मनात निरोप सांगणं, हे सगळं आजार नव्हे. ते कितीही वर्षं चालू राहिलं तरी चालेल.

आता तिथी. श्राद्ध इंग्रजी तारखेला धरत नाहीत. प्राण गेला त्या क्षणी जी तिथी चालू होती ती मृत्युतिथी. मृत्यूच्या दाखल्यावर फक्त तारीख असते, म्हणून हॉस्पिटलचा कागद काढा आणि त्यावरची वेळ बघा, खास करून रात्रीची असेल तर. यंदा ती तिथी अपराह्णकाळी, म्हणजे दिवसाचे पाच भाग केले तर चौथ्या भागात, ज्या दिवशी असेल तो श्राद्धाचा दिवस. तिथी कशीच ठरवता आली नाही तर त्या महिन्याची अमावस्या धरता येते. पहिल्या वर्षी अब्दपूर्तीचं, म्हणजे वर्ष पुरं झाल्याचं, श्राद्ध आदल्या दिवशी असतं, म्हणजे भावाला सलग दोन दिवस हाताशी हवेत, प्रवासाचे वेगळे. मृत्यूची तारीख आणि वेळ मला कळवा, मी पंचांग बघून इंग्रजी तारखा काढून देतो. त्याला रजेचा अर्ज आत्ताच करावा लागेल.